खंदकाच्या आतली माणसं

इंग्लंडमधल्या शेतांवरून विमान लेसर मारत जातं आणि त्याने टिपलेले लाखो ठिपके सिंगापूरला, रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात माझ्या स्क्रीनवर येतात. सातशे वर्षांपूर्वी तिथले लोक घराभोवती पाण्याचा चौकोनी खंदक खणत. घरं गेली, खंदक उरले. आमच्या नकाशात खंदक नीट दिसला, तरच ती जागा संरक्षित राहते. अधांतरी ठिपके म्हणजे पक्षी, धूळ. आम्ही त्याला नॉइज म्हणतो. तो पुसायचा. एक जरी पुंजका राहिला, तरी सिस्टिम फाइल नाकारते. माझी फाइल आजवर परत आलेली नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका खंदकाच्या आतल्या काठावर चार पुंजके दिसले. तीन माणसाच्या उंचीचे, एक जेमतेम कमरेइतका, त्यांच्या मागे. मी पुसले. पुढच्या वर्षी नवं उड्डाण झालं, नवे ठिपके आले. पुंजके त्याच जागी होते, पण तीनच. तेही पुसले. मग दोन उरले. दर वर्षी एक मोठं माणूस कमी होत होतं.

यंदा फक्त छोटा होता.

दुपारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाड्यांच्या गर्दीत, जेवायला बसलो, पण समोरचा भात तसाच राहिला. परत आलो तर टीममधली मीनल टेबलापाशी उभी होती.

"निशिकांत, चारच्या आत अपलोड कर. त्या शेतमालकाला खंदक बुजवायचाय. फाइल रिजेक्ट झाली की संरक्षण गेलंच म्हणून समज."

"हे बघ जरा."

"नॉइज आहे रे. पूस ना."

"चार वर्षं एकाच जागी?"

तिने वाकून जुन्या फाइली एकेक करून पाहिल्या. मग सरळ झाली. "मला नको दाखवूस," म्हणाली आणि आपल्या खुर्चीकडे गेली.

मी चारही वर्षांच्या फाइली शेजारी शेजारी लावल्या. आता कुठे कळलं, की दर वर्षी कुणीतरी मोठं माणूस पुढे होऊन माझं पुसणं स्वतःवर घेत होतं. आता पुढे व्हायला कुणी उरलं नव्हतं. न पुसावं, तर खंदकच बुजणार. ते पोर उभं तरी कुठे राहणार?

चारला पाच मिनिटं कमी असताना मी बटण दाबलं.

"झाली पास?" मीनलने मान न वळवता विचारलं.

"झाली."

खंदक वाचला. ज्यांना सांभाळायला तो खणला होता, त्यांच्यातलं शेवटचं लेकरू मी माझ्या हाताने पुसलं.