रानमाठाचा भारा

लातूर जिल्हा झाला त्याला चार वर्षं होऊन गेली होती. तेवढ्या काळात औसा रस्त्याच्या कडेला, जिथे पूर्वी ज्वारी व्हायची, तिथे नोकरदारांची घरं उभी राहिली. सिंधु आणि नरसिंग सोनकांबळे यांचं दोन खोल्यांचं घर त्या वसाहतीत शेवटचं. त्याच्या पलीकडे पडीक रान आणि रानाच्या तोंडाशी चांगुणाचं पत्र्याचं खोपट. नरसिंग नव्या कलेक्टर कचेरीत कारकून होता. सिंधु शाळेत विज्ञान शिकवायची.

पोळा होऊन गेला तरी पावसाचा पत्ता नव्हता. टँकर चौथ्या दिवशी यायचा. सिंधुची परसबाग आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्यावर तगून होती. मोरीतून निघालेलं पाणी एका चरातून आधी वांग्यांना, मग मिरचीला आणि शेवटी दोन लिंबांना जायचं. पण चराच्या दोन्ही अंगांना तण माजलं होतं. लव्हाळा होता, घोळ होती, गाजर गवत होतं आणि सगळ्यांच्या वर डोकं काढून रानमाठ. बाहेर कुसळसुद्धा हिरवं नव्हतं आणि इथे माठ मांडीला लागत होता, कारण दर पंधरा दिवसांनी सिंधु चरात मूठभर युरिया टाकायची. तो वांग्यांसाठी असे, पण वाटेत माठ त्यांच्या आधी उभा होता.

तण काढायचं काम चांगुणाचं. पन्नाशीची, बोलायला फटकळ, हाताला चलाख बाई. गावाकडची कोरडवाहू जमीन पडून होती म्हणून ती धाकट्या दिराबरोबर, व्यंकटीबरोबर, इथे खडी फोडायला आली होती. येताना गाय आणि कालवड घेऊन आली. लोकांनी जनावरं छावणीत नेऊन बांधली, चांगुणाने नेली नाहीत.

"छावणीत गाय बांधायची म्हणजे पोरगी बोर्डिंगात ठेवायची," ती म्हणायची. "जगंल, पर आपली ऱ्हाणार न्हाई."

गाय जगत होती ती सिंधुच्या तणावर. त्याबद्दल कधी बोलणं झालं नव्हतं, व्हायची गरजही नव्हती. जी खुरपते तिचं गवत, ही इकडची रीतच आहे. चांगुणा खुरपून झालं की भारा बांधायची, कोवळी घोळ पदरात वेगळी घ्यायची भाजीला, आणि जायची. पहिल्या महिन्यात ती सिंधुच्या घरचं पाणी प्यायली नाही. दुसऱ्या महिन्यात चहा प्यायली आणि म्हणाली, "बाई, साखर लई घालता तुमी." त्यानंतर ती रोजच पायरीवर बसून चहा घेऊ लागली.

भाद्रपदात चांगुणा मुखेडला लेकीच्या बाळंतपणाला गेली. पाच दिवसांत येते म्हणाली, आठ झाले. व्यंकटी गाईला कडबा घालत होता, पण बागेकडे यायला तो तयार नव्हता. इकडे गाजर गवताला पांढरी फुलं आली. एकदा बी सांडलं की पुढची कित्येक वर्षं ते निस्तरत बसावं लागतं, हे सिंधु मुलांना वर्गात शिकवत असे. तिने स्वतः उपटायचा प्रयत्न केला, तर दोन दिवसांत मनगटांपासून कोपरांपर्यंत फोड आले. खडू धरवेना.

मग तिला बाटली आठवली. अहमदपूरचा भाऊ, निवृत्ती, मागे उसात फवारून उरलेलं टू-फोर-डी ठेवून गेला होता. रुंद पानाचं तण मारायचं औषध. सिंधुने बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचली. शुक्रवारी सकाळी वारा पडलेला असताना तिने तोंडाला कापड बांधलं, वांग्यांच्या आड पत्रा धरायला नरसिंगला उभं केलं आणि मापाने औषध घालून चराच्या दोन्ही कडा फवारल्या. एकही थेंब वांग्यावर उडाला नाही. पंप तीनदा धुतला, धुतलेलं पाणी रानात दूर नेऊन ओतलं. चांगुणा मंगळवारी येणार असा निरोप होता. आली की सांगू, असं तिने ठरवलं.

चांगुणा सोमवारी सकाळच्या एसटीनेच आली.

सोमवारी संध्याकाळी सहाला सिंधु शाळेतून परतली तेव्हा चराच्या कडा भुंड्या होत्या. माठाची खोडं विळ्याने तिरपी कापलेली, घोळ मुळासकट उचललेली. गाजर गवत तेवढं एका बाजूला ढीग करून ठेवलेलं. ती पिशवी खांद्यावर तशीच घेऊन खोपटाकडे निघाली. निम्म्या वाटेवरच तिला माणसं दिसली.

गाय उभी होती, पण पाय फाकून. मान खाली, नाकपुड्या फुललेल्या, दर श्वासाला बरगड्या वर येत होत्या. छावणीवरून परतणारे गुरांचे डॉक्टर चन्नबसप्पा यांना व्यंकटीने रस्त्यातच थांबवून आणलं होतं. त्यांची फटफटी बाजूला उभी होती. वसाहतीतले पाच-सहा जण जमले होते, नरसिंगही कचेरीतून परस्पर आला होता.

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोजचंच की," चांगुणा म्हणाली. "बाईंच्या बागंतलं गवत. आज तर लई गोडीनं खाल्लं. मान वर काढली न्हाई."

डॉक्टरांनी वळून सिंधुकडे पाहिलं. "काही फवारलं होतं का त्याच्यावर?"

सिंधुने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात व्यंकटी नरसिंगला म्हणाला, अगदी सहज, घोंगडं मागावं तसं, "सायेब, वाईट नका मानू. उद्या काय झालंच, तर तुमच्यातलं कुणी भेटंल का वढायला? इथं मला कुणी ठावं न्हाई."

नरसिंगने चष्मा सारखा केला. मग म्हणाला, "नगरपालिकेची गाडी असते. अर्ज करावा लागतो."

कुणीतरी हसलं.

सिंधुला आजोबा दिसले. तिने त्यांना म्हातारपणीच पाहिलं होतं, वाकड्या उजव्या हाताचे. निजामाच्या राज्यात, मुखेडकडच्या त्यांच्या गावात, पाटलाचा बैल मेला होता. महारवाड्याने कातड्यासाठी विष घातलं असं ठरलं, आणि आजोबांचा हात चावडीपुढे मोडला. बैल ज्वारीचे कोवळे कोंब खाऊन मेला होता, हे नंतर सगळ्या गावाला कळलं. हात वाकडाच राहिला. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर आजोबांनी पहिलं काम कोणतं केलं, तर मेलेलं ढोर ओढायचं सोडलं.

"नाही," सिंधु म्हणाली. "काही फवारलं नाही."

नरसिंगने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पत्रा त्यानेच धरला होता.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, फुगलेलं नव्हतं. साप असेल म्हणून खुरांवर, ओठांवर दातांच्या खुणा शोधल्या. अंधुक उजेडात एक सुई टोचली, मग दुसरी. सिंधु तिथेच उभी होती. आपण आत्ता बोलायला हवं, हे तिला प्रत्येक श्वासाला कळत होतं. गाईचा प्रत्येक श्वास मोजता येत होता. पाऊण तासाने गाय गुडघ्यांवर बसली, मग कुशीवर पडली. पाय दोनदा झाडले, आणि संपलं.

चांगुणा रडली नाही. तिने गाईच्या डोळ्यावर बसलेली माशी हाकलली.

डॉक्टरांनी कंदील जवळ मागवला आणि कानाची शीर कापली. रक्त लाल नव्हतं. उकळून आटलेल्या चहाचा रंग होता त्याला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"भाऱ्यात माठ होता का?"

"निम्मा माठच व्हता," चांगुणा म्हणाली.

"मग नायट्रेट. दुष्काळात माठात साठतं ते. रक्त श्वास धरत नाही." त्यांनी हात पुसले. "कुणाचा दोष नाही, बाई. पाणी तुटलं की होतं असं. मला आधी उमगलं असतं तर मिथिलीन ब्लू शिरेतून दिलं असतं. दवाखान्यात आहे, फटफटीवर दहा मिनिटं. पण नुसत्या माठानं इतक्या झटकन जाताना मी पाहिली नाही कधी."

मिथिलीन ब्लू. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी मुलं ज्यात बुडवतात ते निळं. सिंधुच्या शाळेतल्या कपाटात त्याची बाटली होती.

कुणाचा दोष नाही, हे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले होते. माणसं पांगायला लागली होती. नरसिंगने तिच्या कोपराला हलकेच स्पर्श केला, चल म्हणून.

"उरलेला भारा हाय आत," चांगुणाने विचारलं. "कालवडीला काय घालू? दुसरं कायबी न्हाई."

"माठ निवडून टाक," डॉक्टर पेटी बंद करत म्हणाले. "बाकीचं चालेल."

खोपटाच्या दारातून चूल दिसत होती. चुलीशेजारी परातीत धुतलेली घोळ होती, चिरायला काढून ठेवलेली. तांबड्या देठांची, कोवळी, किंचित पिळवटलेली.

"मावशी, ती भाजी फेका," सिंधु म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तुम्ही खाल्ली का त्यातली?"

"अजून चूल कुठं पेटवली? कावून?"

"माठ निवडू नका. सगळंच फेका. शुक्रवारी मी तणाचं औषध मारलं होतं."

जाणारी माणसं थांबली. डॉक्टरांनी पेटी खाली ठेवली.

"कुठलं?"

"टू-फोर-डी. युरियाही होता चरात."

"त्यानं नायट्रेट अजून चढतं," डॉक्टर हळू म्हणाले, जणू स्वतःशीच. "आणि चार-सहा दिवस पाला जनावराला गोड लागतो. मी विचारलं होतं तुम्हाला."

"बघा!" व्यंकटी ओरडला. "बघा, म्हटलं न्हवतं? महारानं इख घातलं! जात जाती का कुठं!" तो नरसिंगच्या अंगावर धावला. दोघा शेजाऱ्यांनी त्याला धरलं, पण फार घट्ट नाही. नरसिंग जागचा हलला नाही. त्याचा चष्मा खाली पडला होता. तो उचलायला तो वाकला नाही.

"व्यंकटी, गप," चांगुणा म्हणाली.

"वहिनी, गाय मारली तिनं!"

"मारली. ठावं हाय मला. तू गप."

डॉक्टरांनी खिशातून वही काढली. पंचनाम्याला लागेल म्हणाले. सिंधुने औषधाचं नाव सांगितलं, प्रमाण सांगितलं, वार आणि वेळ सांगितली. त्यांनी तिचं नाव विचारलं. तिने पहिलं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव सावकाश, एकेक करून सांगितलं.

डॉक्टरांचं लिहून झाल्यावर चांगुणा सिंधुपुढे येऊन उभी राहिली. तिच्या बोटांना माठाच्या रसाचे हिरवे डाग होते.

"औशद मारलं ते मला सांगायचं ऱ्हायलं. मी आदल्या दिशी आले. ते समजलं मला," ती म्हणाली. "पर डाक्टरनं इचारलं तवा गाय उभी व्हती. तवा तुमी इथंच व्हतात न्हव?"

सिंधुला खूप काही सांगता आलं असतं. आजोबांचा हात सांगता आला असता, व्यंकटी आत्ता जे बोलला तेच मला तेव्हा ऐकू आलं होतं असं सांगता आलं असतं. ते सगळं खरं होतं.

"हो," ती म्हणाली. "इथंच होते."

चांगुणाने मान हलवली. आत जाऊन परात बाहेर आणली आणि घोळ मातीत उपडी केली. मग कालवडीचं दावं सोडलं, व्यंकटीला भारा जाळायला सांगितलं आणि कालवडीला पुढे घालून छावणीच्या रस्त्याला लागली.