पाण्याचं वजन

मुलांनो, जरा डोळे मिटा. अशी एक खोली मनात आणा, की तिथे ढग जमिनीवरून उठतात आणि आढ्याला जाऊन टेकतात. पांढरे, उबदार, कोरडे ढग. तुम्ही त्यांच्यात बसला आहात आणि कुठून तरी धुन्न्, धुन्न् असा आवाज येतो आहे. आला ना ऐकू?

अकोल्याला कुर्बान पिंजाऱ्याच्या घरी अशी खोली होती. कापूस पिंजायचं ते मोठं धनुष्य तो छताला टांगायचा, त्याची तात, म्हणजे ताणलेली दोरी, छेडायचा, आणि कापूस फुलून हवेत तरंगायचा. त्याची लेक जहाँआरा त्यात बसल्या बसल्या पेंगायची. मग तिला वाटायचं, आपलं घरच सुटलंय आणि मोर्णा नदीवरून हळूहळू चाललंय.

एका हिवाळ्यात तात गप्प झाली. अब्बांचा चेहरा फुगला, पाय खांबांसारखे झाले. जहाँआरा त्यांच्या नडगीवर बोट दाबायची, तर खळगा पडायचा आणि ओल्या मातीतल्यासारखा तसाच राहायचा. शेजारी म्हणायचे, "कुर्बानभाई, अंग धरलं गड्या!" पण दंडावरचा तावीज ढिला होऊन कोपरापर्यंत घसरला होता, आणि लेकीच्या खांद्यावर भार दिल्याशिवाय अब्बांना जमिनीवरून उठता येत नव्हतं.

अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं थकली आहेत. वाढलंय ते मांस नाही, साठलेलं पाणी आहे. रक्त धुणारं यंत्र तेव्हा आपल्या वऱ्हाडात कुणी पाहिलंही नव्हतं. डॉक्टरांकडे अंगातलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या सुया होत्या, आणि एक हुकूम होता : मीठ बंद.

पाणी उतरू लागलं, तशी जहाँआराची आई आमिना घाबरली. गालांची हाडं दिसायला लागली होती. शेजारचे नत्थुजी जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायचे. त्यांनी कुर्बानला तिथल्या काट्यावर बसवून आणलं आणि दारातूनच ओरडले, "भाभी, दहा शेर उतरले हो! हे सुई माणसाले खाऊन राहिली."

"मी म्हणतच होती. बिनमिठाचं खाऊन कोणी जगते का?" आमिनानं वरणात चिमूट-चिमूट करत चांगलं मीठ घातलं आणि वाटी नवऱ्यापुढे ठेवली. "खा. उद्यापासून सुई बंद."

लसणाच्या फोडणीचा वास खोलीभर पसरला. अब्बांचा हात वाटीकडे गेला.

"अब्बा, आधी उठून दाखवा," जहाँआरा म्हणाली.

"कावून वं?"

"माह्या खांद्याले हात न लावता."

"घ्या! पोरगी बापाची कसरत घेऊन राहिली," नत्थुजी हसले.

कुर्बाननं तळवे गुडघ्यांवर टेकले. आढ्याशी अडकलेला कापसाचा एक पुंजका सुटला आणि हलकेच खाली यायला लागला. अब्बा अर्ध्यावर थांबले, थरथरले. आमिना धावली, पण जहाँआरानं तिचा पदर घट्ट धरून ठेवला. पुंजका जमिनीला लागायच्या आत अब्बा उभे होते. झुलत होते, पण आपल्या पायांवर उभे होते.

"नत्थुजी," ते धापा टाकत म्हणाले, "पाणी मारलेला कापूस आणला, तर त्याचं वजन धरता का तुमी?"

"कायले धरतो? गाडी माघारी धाडतो."

"मंग माह्या आंगातलं पाणी कावून धरून राहिले?"

नत्थुजी मान खाजवू लागले. आमिनाची मात्र अजून खात्री पटेना. तिनं नवऱ्याचा काडीसारखा दंड चाचपला. "अन् हे? हे कधी भरन?"

"आधी उठू तर दे मले रोज," अब्बा म्हणाले.

वाटीतून वाफ निघत होती. आमिना ती उचलेना आणि पुढेही सरकवेना.

तेव्हा जहाँआरानं वाटी स्वतःकडे ओढली, तिच्यात भाकर कुस्करली, आणि सगळ्यांच्या देखत ते खारट वरण पुसून पुसून खाऊन टाकलं.