बाहेरची कडी

शहरातल्या सगळ्यात बदनाम गुत्त्यांच्या आठवणी ऐकायला शनिवारी दुपारी वाचनालयात पन्नासेक माणसं जमली होती. त्यातल्या निम्म्यांनी तरी उभ्या जन्मात गुत्त्याचा उंबरा ओलांडला नसेल. पण दुसऱ्याचं डोकं फुटल्याची गोष्ट पंख्याखाली बसून ऐकायला कोणाला नको असते? वाचनालय सांभाळणाऱ्या बाईंनी मधल्या खुर्चीवर आपल्या सख्ख्या मामाला बसवलं होतं. मामाने गोदीजवळच्या गुत्त्यात काउंटरमागे सव्वीस वर्षं काढली होती.

गप्पा मारण्यात मामाचा हात धरणारं कोणी नव्हतं. सांडलेल्या बिअरमध्ये आपला पडलेला दात शोधणारा खलाशी त्याने असा उभा केला, की पुढच्या रांगेतल्या आजी डोळे पुसायला लागल्या. मग कोणीतरी ओरडलं, "कडीचं सांगा!" ती त्याची ठेवणीतली गोष्ट.

त्या गुत्त्याची रीतच तशी होती. आत मारामारी जुंपली की मामा मागच्या दाराने सटकायचा, ते दार बाहेरून लावून घ्यायचा, वळसा घालून पुढच्या दारालाही कडी घालायचा आणि पायरीवर बसून एक सिगारेट ओढायचा. ती संपली की कडी काढायची. तोवर आतले गडी दमून बसलेले असायचे आणि भांडण रस्त्यावर आलं नाही म्हणून शेजारीपाजारी खूश.

"पोलीस आला तरी मध्येच कडी निघायची नाही," मामा ऐटीत म्हणाला. लोक खदखदून हसले.

"मामा, आता बाबांचं सांग ना," भाचीने माइकवर म्हटलं. "ऐकण्यासारखं आहे, बरं का."

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. भावजी, म्हणजे हिचे वडील, फरशा बसवण्याच्या कामात एक नंबर. त्या दुपारी ते मामाला जेवायला बोलवायला आले आणि मारामारीत आतच अडकले. फुटक्या बाटलीने त्यांच्या उजव्या मनगटाच्या शिरा तुटल्या. गोंगाटात मामाला त्यांची हाक ऐकू आली नाही. कळल्याबरोबर त्याने त्यांना पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. हात कामातून गेला, पण जीव वाचला. तेव्हा सहा महिन्यांची असलेली ही पोर त्याला देव मानत मोठी झाली होती, आणि तिने तसं पाहिलं की मामाला घास गिळवत नसे.

आज ती सगळ्यांदेखत तसंच पाहत होती. अजून एकदा खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं.

"मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

"काय, पुढची ऑर्डर?" मागून एक टवाळ ओरडला आणि सगळी खोली हसली. मामाची गोष्ट म्हणजे हसायचंच, हे ठरलेलं. भाची तेवढी हसली नाही.

"काय ऐकू आलं होतं?"

"भावजी दार बडवत होते. 'अरे, मी आहे, मी! माझा हात कापलाय, उघड!' स्पष्ट ऐकलं मी."

"मग?"

"समोर ट्रकवाले बसले होते. म्हणाले, आता मेव्हण्यासाठी उघडशील बघ. मी म्हटलं, बापासाठीही उघडणार नाही." मामा भाचीकडे न बघता बोलत राहिला. "हातातली सिगारेट संपवली. तरी ते हसत होते, म्हणून दुसरी पेटवली. दार बडवायचं थांबलं, तेव्हा कडी काढली."

आता कोणी हसत नव्हतं. एवढी लाज मामाला आयुष्यात कधी वाटली नव्हती. भाचीने ओरडावं, रडावं, त्याला हाकलून द्यावं, असं त्याला फार वाटलं. तिने माइक बंद केला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई नेहमी म्हणायची, माझ्या भावाला ऐकू आलं होतं," ती हळूच म्हणाली. "त्यावरून बाबा तुझी बाजू घेऊन तिच्याशी कडाडून भांडायचे. ती वारली त्या सकाळीसुद्धा भांडले. ते घरी चहाला थांबलेत तुझ्यासाठी. चल, त्यांना सांग की आईचं खरं होतं."