प्रमुख पाहुण्यांची खुर्ची

येशूसंघाच्या फादर अँब्रोजनी कारेगावच्या बसथांब्यावर टेम्पोतून टेबल उतरवलं, झग्याच्या बाहीनं पुसलं आणि त्यावर ढाली नि कप मांडायला सुरुवात केली. मागे अयुब टेम्पोवाला शाळेच्या प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवत होता.

"फादर, वरात कुनाची म्हनायची ही?"

"बक्षिसांची," फादर म्हणाले.

ते मुख्याध्यापक असलेल्या शाळेत बक्षीस समारंभाला पालक येत नसत. येणार तरी कसे? रांजणगावच्या कंपन्यांत कुणाची फर्स्ट शिफ्ट, कुणाची सेकंड, आणि सुट्टी घेतली की पगार कापला. दरवर्षी रिकाम्या खुर्च्यांपुढे भाषण ठोकून फादर पार वैतागले होते. त्यात गेल्या वर्षी धावण्यात पहिली आलेली आसमीन हळूच म्हणाली होती, "फादर, माझा कप ऑफिसातच द्या ना. टाळ्या वाजल्या की अम्मीची लई आठवण येती."

ते वाक्य फादरांच्या मनातून वर्षभर हललं नव्हतं. पालक शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच बसथांब्यावर न्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. पाहुणे बोलावलेच नाहीत. थांब्यावर कोण पुढारी येतो! पोरांना मात्र सक्त ताकीद होती, घरी बक्षिसांचा दिवस सांगा, पण थांब्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. गंमत करायची.

कंपनीची बस आली. युनिफॉर्ममधल्या बाया डबे सावरत उतरल्या आणि आपापली पोरं रांगेत उभी बघून थबकल्याच. मग जो गलका झाला! फादर खुशीत होते, पण त्यांची नजर आसमीनवर होती. ती टाचा उंचावून बसच्या दाराकडे बघत होती. शेवटची बाई उतरली आणि दार बंद झालं.

"गिताबाई, आसमीनची अम्मी, लालबी कुठं हायेत?" फादरांनी त्या शेवटच्या बाईला विचारलं.

"ती तर दुपारीच हाफ डे टाकून गेली की. म्हनली, पोरगी पळती म्हनून नुस्तं ऐकलंय. औंदा बक्षीस तरी शाळंत जाऊन बघते."

फादरांनी कपाळाला हात लावला. पोरांनी खरोखरच कुठं बातमी फुटू दिली नव्हती.

"उचला रे सगळं! परत शाळेत!"

"आमी पन येतो," म्हणत गिताबाईनं पदर खोचून खुर्च्यांची चळत उचलली. मावतील तेवढे टेम्पोत बसले, बाकीचे दुचाकींवर.

शाळेचं मैदान रिकामं होतं. स्टेजवर फक्त प्रमुख पाहुण्यांची लाल गादीची जडशीळ खुर्ची राहिली होती, कारण ती टेम्पोत मावलीच नव्हती. तिच्या काठावर ईदची साडी नेसलेली लालबी मांडीवर पर्स धरून बसली होती. एवढी माणसं बघून ती धडपडत उठली.

"माफ करा फादर, बसायला दुसरं काय नव्हतं. संपलं का समदं?"

"संपेल कसं? प्रमुख पाहुण्याच आल्या नव्हत्या. बसा, बसा."

"आवो, मला काय येतंय त्यातलं?"

"कप उचलायचा, पोराच्या हातात द्यायचा. पॅकिंग लाइनपेक्षा सोपं हाय."

पहिला कप लालबीनं दोन्ही हातांनी जपून दिला. पुढेपुढे ती पोरांच्या पाठी थोपटू लागली. शेवटचं नाव आसमीनचं होतं. रंगीत तालमीत शिकवल्याप्रमाणे ती ताठ चालत आली, डाव्या हातानं कप घेतला, उजव्यानं हात मिळवला आणि म्हणाली,

"थँक्यू, मॅडम."

मैदानभर हशा पिकला. लालबी मात्र हसली नाही. तिनं पोरीचा मुरगळलेला टाय नीट केला आणि अगदी प्रमुख पाहुण्यांच्या थाटात म्हणाली,

"आता पळून दाखव."

आसमीननं फादरांकडे पाहिलं. फादर एव्हाना झगा सावरत स्टेजवरून खाली उतरले होते आणि इतक्या वर्षांनी भरलेल्या खुर्च्या स्वतःच रिकाम्या करत सुटले होते.

"उठा, उठा! पोरीला वाट करून द्या!"