नितळ पाणी

नदी समुद्राला मिळते तिथल्या बांधाचं लोखंडी दार तो सांभाळायचा, आणि तोरा काय विचारता! पूर आला की बाकीचे जीव मुठीत धरून बसायचे. हा दाराचं चाक आवळून निवांत चहा प्यायचा. त्याच्या हयातीत पुराचा थेंब आत आला नव्हता.

बांधाच्या आत त्याच्या धाकट्या बहिणीचं घर आणि लव्हाळ्याचं शेत होतं. त्याच्या चटया विणून ती पोट भरायची.

"दादा, जमीन बसत चाललीय," ती म्हणाली. "खालून खारं पाणी येतंय. लव्हाळं मुळातच कुजतंय."

"मग मी काय करू?"

"या पुरात दार उघड. आजोबांच्या वेळी नदी दरवर्षी आत यायची, वीतभर गाळ टाकून जायची. त्या गाळावरच तर जमीन टिकायची. आपण शहाणे, नदी बाहेर ठेवली आणि गाळही."

त्याला राग आला. जन्मभर जी फुशारकी मारली तीच घोडचूक निघाली, हे कुणाला गोड लागेल? पण बहीण पुढे म्हणाली, "यंदा नाही उगवलं तर मी गाव सोडते," आणि त्याचा सगळा ताठा गळाला. सख्खं असं त्याला तेवढंच माणूस उरलं होतं.

पूर चढला. बहिणीनं अंथरुणं माळ्यावर टाकली, त्यानं चाक उलटं फिरवलं. पाणी शेतात शिरलं, घरात शिरलं. गुडघाभर पाण्यात उभी राहून दोघं चक्क हसत होती.

दोन दिवसांनी पाणी स्थिरावलं. शेतात उभं राहून त्यानं खाली पाहिलं, तर नितळ पाण्यातून स्वतःच्या पायाची बोटं दिसली. बहिणीनं वाकून तळ चाचपला; हाताला कुजकी मुळं लागली.

"गाळ कुठाय, दादा?"

गाळ होता नदीवर वरच्या अंगाला बांधलेल्या मोठ्या धरणात. दोघांच्या घरातले दिवे त्याच धरणाच्या विजेवर लागायचे, पण नदीचा गाळही तिथेच अडकून पडत असेल, हे एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं. तेलही गेलं, तूपही गेलं. त्याला रडूच आलं.

"निदान हे पाणी तरी ओसरेल ना?"

पूर उतरला तरी बाहेर नदी शेतापेक्षा उंचच राहणार होती, शेत इतकं खोलात बसलेलं. खोटं बोलावंसं त्याला फार वाटलं.

"नाही ओसरणार," तो म्हणाला.

तिनं माळ्यावरचं अंथरूण गुंडाळलं, डोक्यावर घेतलं आणि मागे न बघता चालू लागली. पार बांधापर्यंत तिची पावलं पाण्यातून त्याला स्वच्छ दिसत होती.