धोंडुबाईच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स

धोंडुबाईनं एखादी गोष्ट मनावर घेतली की ती खाली उतरत नसे. उचगावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिच्या पोराला, सम्राटला, जरा जास्तच. म्हणून एका रविवारी जेवताना आई म्हणाली, "मी मेल्यावर मला जाळायचं न्हाय. थोरल्या दवाखान्याला द्यायचं. पोरं माझ्यावर डॉक्टरकी शिकतील," तेव्हा तांबड्या रश्श्याची वाटी सम्राटच्या तोंडाजवळच थांबली.

"आये, येड लागलं काय तुला? अगं, रक्षाविसर्जनाचं काय?"

प्रश्न साधा नव्हता. सम्राटला पंचायत समितीला उभं राहायचं होतं. आणि आमच्याकडं माणसाचं वजन काट्यावर करत नाहीत, त्याच्या घरच्या रक्षाविसर्जनाला चारचाक्या किती लागल्या त्यावर करतात.

"दहन न्हाय म्हंजे राख न्हाय. राख न्हाय म्हंजे रक्षाविसर्जन न्हाय. मग आमदार येणार कशाला? चहा प्यायला?"

"चुलीतली घे की राख! आमदाराला काय वास येतोय?"

"गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय. मी सही करणार न्हाय, आये. विषय संपला."

विषय संपला तो सम्राटचा. धोंडुबाईनं दुसऱ्या दिवशी हिरवं लुगडं नेसलं, केएमटीची बस पकडली आणि थेट थोरल्या दवाखान्यात जाऊन उतरली.

थोरला दवाखाना म्हणजे संस्थानच्या काळातला. भिंती दगडी, जिने दगडी, आणि केसपेपर देणाऱ्याचा चेहराही त्याच दगडाचा. पुढं त्याला डॉक्टरकीचं कॉलेज जोडलं. तेव्हापासून शहरात बोलायची पद्धत अशी, की तिथं जाऊ नका, शिकाऊ पोरं असतात. आणि बोलणाऱ्याच्या घरात कुणी जिन्यावरनं पडलं, की रिक्षा पहिली वळते ती तिकडंच. धोंडुबाईचा मोडलेला हात तिथंच जुळला, मोतीबिंदू तिथंच निघाला, तिन्ही पोरं तिथंच झाली.

देह घेतात तो विभाग अगदी मागच्या बाजूला. तिथं डॉक्टर आदिती म्हणून शिकवणारी बाई होती. वयानं धोंडुबाईच्या नातीएवढी.

"काय गं बाळ, हितं मेल्यावर भरती करून घेत्यात न्हवं?"

आदिती हसली. "घेतो, आजी. पण तुम्हाला का द्यायचाय देह?"

"माझा धाकटा पायाळू. पाय आधी आलं, डोस्कं आत अडकलं. बाळंतपणाला शिकाऊ पोरगा हुता. त्याचं हात असं थरथरत हुतं! माझ्यापरास जास्त घाम त्याला. मागं थोरली मॅडम हुबी. ती म्हणली, भिऊ नको, हात घाल, मी हाय. त्यानं घातला. जलमात पहिल्यांदा. पोरगं सुटलं, आन् त्यो भिताडाला टेकून रडाय लागला." धोंडुबाईनं पदर सावरला. "कुणाच्या तरी अंगावर शिकायलाच लागतंय की. जित्तेपणी त्यो माझ्यावर शिकला. आता मेल्यावर शिकूदेत. तवा निदान मी वरडणार तर न्हाय."

आदितीनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "मुलाची सही लागेल, आजी. नुसत्या तुमच्या सहीवर भागत नाही. उद्या त्यांनी तुम्हाला इथं आणलंच नाही, तर आम्ही काय करणार? पण एक सांगते. पहिल्या दिवशी आमची पोरं देहाला नमस्कार करतात."

"नमस्कार? अगं, जित्तेपणी सून करत न्हाय मला!"

आदितीचा तास होता. ती म्हणाली, बसा, आलेच. बसणार कुठं? बाकड्यावर एक अख्खं कुटुंब डबा उघडून बसलेलं. भिंतीकडंला एक रिकामी ट्रॉली उभी होती. धोंडुबाई आधी टेकली, मग आडवी झाली, आणि माश्या फार म्हणून तोंडावर पदर ओढून घेतला. तिला लगेच झोप लागली.

पुढचं तिला मागाहून कळलं, ते असं.

सम्राटचा कार्यकर्ता ज्ञानू पाय मोडलेल्या मेहुण्याला डबा द्यायला दवाखान्यात आला होता. आला आणि वॉर्ड चुकला. वळणावर बघतो तर वर पाटी 'शवविच्छेदन कक्ष', खाली ट्रॉली, ट्रॉलीवर हिरवं लुगडं, तोंड झाकलेलं, आणि बाहेर आलेल्या डाव्या पायाला सहा बोटं. सहा बोटांचा पाय उचगावात एकच.

पदर बाजूला करावा असं त्याच्या मनात आलं, पण नेत्याच्या आईच्या तोंडावरचा पदर कार्यकर्त्यानं कसा काढायचा? त्यानं त्या पायावर डोकं ठेवलं. म्हातारीच्या टाचा जन्मभर उसाच्या फडात घासलेल्या, तिला पत्ताही लागला नाही. ज्ञानूनं फोन लावला.

सम्राट चंदगडला, पावण्याच्या काजू कारखान्याच्या उद्घाटनाला गेलेला.

"दादा, आई गेल्या."

"कुठं गेली?"

"कुठं म्हंजे… गेल्याच की वो."

"काय बोलतोस, लेका! कुणी सांगितलं?"

"डोळ्यानं बघितलंय. पाया पडलोय मी!"

तेवढ्यात रेंज गेली. चंदगडात ती जातेच. मग ज्ञानूनं कार्यकर्त्याचं पहिलं कर्तव्य केलं. फ्लेक्सवाल्या जोतीरामला गाठलं.

आदितीचे तास पार दुपार कलेपर्यंत लांबले. मग तिनं धोंडुबाईला उठवलं, चहा पाजला, तिची सही घेतली आणि पोराच्या सहीसाठी कागद बरोबर दिला. म्हातारी कागद कमरेला खोचून केएमटीतनं उचगावच्या फाट्यावर उतरली आणि वर बघितलं.

फाट्यावर तिचीच श्रद्धांजली लागलेली. मधोमध सम्राट, हात जोडलेला, केसांवर गॉगल. धोंडुबाई कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. फोटो सम्राटच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरनं कापलेला, त्यामुळं स्वर्गवासी धोंडुबाईच्या हातात केक. आणि जोतीरामनं घाईत जुनाच साचा वापरलेला, म्हणून खाली कार्यकर्त्यांच्या यादीवर 'शोकाकुल'च्या जागी 'शुभेच्छुक' तसंच राहिलेलं.

"मुडदा बशिवला तुमचा," म्हातारी म्हणाली आणि तरातरा घराकडं निघाली.

दारात मांडव. खुर्च्या. चारचाक्यांची रांग पार दूध डेअरीपर्यंत. आमदाराचा माणूस हार घेऊन उभा. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण रडत होतं, तर शेजारची बायडाबाई, जिच्याशी सांडपाण्यावरनं गेली कित्येक वर्षं बोलणं बंद.

"माझी धोंडी गं! सोन्यासारखी बाई गं!" बायडाबाईनं डोळे पुसून वर बघितलं आणि किंचाळली. "आगं बया! धोंडे! मेली न्हाईस व्हय?"

"न्हाय. तू रड. थांबू नको, बरं वाटतंय ऐकाय."

अर्धी माणसं उठून पळाली, अर्धी चिकटून बसली. तेवढ्यात सम्राटची गाडी आली. गॉगल नव्हता, डोळे सुजलेले. चंदगडपासनं रडत आलेला गडी. आईला बघितलं आणि धाडकन तिच्या पायावर पडला.

"आये! आये गं!"

धोंडुबाईनं त्याच्या केसांतनं हात फिरवला. पण मनावर घेतलेलं ते घेतलेलंच.

"सम्राट, ऊठ. माणसं आली?"

"आली."

"बोर्ड लागला?"

"लागला."

"आमदाराचा हार?"

हारवाला पुढं झाला. "हाय की, मावशी."

"आन् मी कुठं हुतो? दवाखान्यात! समदं झालं का न्हाय माझ्याबिगर? मग मला सांग, बॉडी घरात लागती कशाला?"

मांडवात मागनं एक म्हातारा म्हणाला, "बरोबर हाय की तिचं."

"आये, पण राख…"

"राखेचं सोड. तू पायाकडनं आलास तवा त्या शिकाऊ पोरानं हात आखडता घेतला असता, तर आज फ्लेक्सवर कोण असतं? त्यो माझ्यावर शिकला, म्हणून तू हाईस. आता अशीच धा पोरं शिकतील." तिनं कमरेचा कागद काढला. "कर सही."

सम्राटनं मांडवाकडं बघितलं. सगळ्या चारचाक्या, सगळी मतं त्याच्याकडं बघत होती. मग त्यानं परत आईकडं बघितलं. त्यानं हात पुढं केला. ज्ञानूनं पेन दिलं आणि टेबल म्हणून स्वतःची पाठ. प्रायश्चित्तच ते. सही जरा वाकडी आली, कारण करणाऱ्याचा हात थरथरत होता.

"असू दे," धोंडुबाई म्हणाली. "त्या पोराचाबी थरथरत हुता."

ज्ञानू शिडी घेऊन फाट्याकडं निघाला. म्हातारीनं त्याला थांबवलं.

"फ्लेक्स फाडू नको. गुंडाळून माळ्यावर ठेव, कामाला यील. ह्याचं टाळकं तेवढं बारीक कर. आन् माझ्या हातातला केक काढ."

"आन् त्ये 'शुभेच्छुक' वो, मावशी? त्ये खोडू?"

धोंडुबाईनं सहीचा कागद कमरेला खोचला.

"ऱ्हाऊ दे. म्हातारी कॉलेजला चाललीया, शुभेच्छा नकोत व्हय?"