सातही जणांचं एकच गिऱ्हाईक

इंग्रजीचे सर म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीला लागलेली कीड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. फाटकासमोरच्या दुकानाच्या माळ्यावर त्यांचा क्लास चालतो. बाहेर पाटी: ‘स्वतःचा अनुभव शुद्ध इंग्रजीत सांगा’. या माणसाने जन्मात कधी चादर पिळली नाही, पण बारा-बारा वर्षं चादरी पिळलेल्यांना त्यांचा अनुभव काय, हे तो नाकाने कांदे सोलत शिकवतो.

त्याचा प्रताप मी सुपरवायझरच्या मुलाखतीत पाहिला. लाँड्री नव्या कंपनीकडे गेली होती, त्यामुळे हेडसारखंच आता सुपरवायझरचंही सगळं इंग्रजीत. टेबलामागे तीन खुर्च्या. मधे कंपनीचे साहेब, नुकतेच बदलून आलेले, आमची भाषा न येणारे. डावीकडे मार्क लिहायला ऑफिसच्या बाई. उजवीकडे मी, लाँड्रीचा हेड, कामातलं कळणारा माणूस म्हणून.

साहेबांचा प्रश्न सगळ्यांना एकच: कामावरचा एखादा कठीण प्रसंग सांगा. पहिला आला इस्त्रीवाला. म्हणाला, एकदा काउंटरवर एक गिऱ्हाईक फार भडकलं, मी शांतपणे ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं, शेवटी त्याने माझे आभार मानले. इंग्रजी अगदी कडक इस्त्रीचं. साहेबांनी मान डोलावली. मग घड्या घालणारी आली. तिच्याही काउंटरवर गिऱ्हाईक भडकलेलं, तिनेही पाणी दिलं. तिसऱ्याने, चौथीने, सगळ्यांनी पाणीच दिलं. सहा जणांनी पाजून पाजून ते गिऱ्हाईक एव्हाना टम्म फुगलं असेल.

आता आमच्या लाँड्रीला काउंटरच नाही. गिऱ्हाईकही नाही. वॉर्डांतून गाड्या येतात, गाड्यांत रक्ताने नि ओकाऱ्यांनी भरलेल्या चादरी असतात, आणि चादरी कधी कुणावर भडकत नाहीत. साहेब नवे, त्यांना काय माहीत. मी काही बोललो नाही, कारण मला मजा येत होती. एवढी वर्षं राबून या लोकांना स्वतःचं म्हणून काही सांगता येऊ नये? चार वर्षांपूर्वी हेडच्या जागेसाठी मला हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा मी वाफेच्या पाइपचा प्रसंग सांगितला होता. पाइप फुटला, खोलीभर वाफ कोंडली, आत चार बायका अडकल्या, आणि मी पुढे होऊन व्हॉल्व्ह बंद केला. माझ्या फायलीत ते तसंच्या तसं लिहिलेलं आहे. सर अजून क्लासात ते नमुना म्हणून वाचून दाखवतात.

सातवी आली घुमी. तिचं नाव वेगळं आहे, पण दिवसाकाठी दहा शब्दांच्या वर बोलत नाही म्हणून सगळे घुमीच म्हणतात. पाइप फुटला त्या दिवशी तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. कातडी आकसलीय, आणि गरम पाण्यातलं काम बंद करा, असं आता डॉक्टरांनी बजावलंय. ही जागा मिळाली तर निभेल, नाहीतर महिनाअखेर घरी बसायचं. म्हणून मीच तिला सरांकडे धाडलं होतं.

तिने हात मागे बांधले आणि सुरुवात केली. एकदा काउंटरवर एक गिऱ्हाईक. साहेबांनी हात वर करून तिला थांबवलं. इतकेही ते नवे नव्हते. म्हणाले, या गिऱ्हाइकाला मी आज सातव्यांदा भेटतोय. तुमचं स्वतःचं काही असेल तर सांगा, नाहीतर तुम्ही जाऊ शकता. बाईंनी तिच्या नावापुढे शून्य काढायला पेन टेकवलंसुद्धा.

मला घुमीचा राग आला, अगदी मनापासून आला. आपल्या भाषेत मी तिच्यावर खेकसलो, “अगं, वाफेचं सांग की.”

“कसं सांगू, काका?” ती म्हणाली. “ते तुम्ही सांगितलंय ना. सर म्हणाले, तो प्रसंग आधीच कुणाच्या तरी नावावर आहे, तू दुसरा घे.”

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मी दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो. ती फक्त अडचण सांगत होती.

पाइप फुटला तेव्हा मी मागच्या दाराने पळालो होतो, पार फाटकापर्यंत. व्हॉल्व्ह घुमीने बंद केला. सरांना मी ‘आम्ही बंद केला’ असंच सांगितलं होतं, कारण ‘आम्ही’त पळालेला माणूसही मावतो. सर म्हणाले, स्वतःचा अनुभव सांगताना ‘मी’ म्हणायचं असतं, तेच शुद्ध. मग मी म्हटलं, आणि मला जागा मिळाली. घुमी तेव्हा हाताला बँडेज बांधून वॉर्डात पडून होती. परत आल्यावर ती काही बोलली नाही, आणि माझी तर अळीमिळी गुपचिळी. मघापासून सरांच्या नावाने खडे फोडतोय तो उगाच नाही.

साहेबांनी विचारलं, काय म्हणते ती?

काही नाही, असं म्हणून चाललं असतं. बाईंचं पेन अर्ध्या शून्यावर थांबलं होतं. घुमीने तो भाजलेला हात पुढे आणला होता, दाखवायला नव्हे, डोळे पुसायला. मला त्याच्याकडे बघवेना. मी उभा राहिलो.

“शी क्लोज्ड द व्हॉल्व्ह,” मी म्हणालो. “आय रॅन.”

साहेबांना वाटलं माझं इंग्रजी चुकलं. म्हणून मी तेच पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यांनी घुमीला खुर्चीवर बसायला सांगितलं. सकाळपासून कुणालाच बसवलं नव्हतं. मग कपाटातून माझी फाईल काढायला लावली, ते पान उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, मग हे काय आहे?

“ते नुसतं शुद्ध इंग्रजी आहे, साहेब,” मी म्हणालो.